बुजला की बुजरा? एका जबाबातल्या एका अक्षराचं प्रकरण

कागदांच्या गठ्ठ्यावर वकीलसाहेबांनी पेन्सिलीनं लिहिलं होतं, "मॅडम, साधा जबाब आहे. अर्ध्या तासाचं काम." जबाब होता दीड पानांचा. मला नऊ दिवस लागले.

मी कोर्टाच्या कागदांची मराठीतून इंग्रजीत भाषांतरं करते. खरेदीखतं, फेरफार, पंचनामे, जबाब असलं सगळं. खालच्या कोर्टात कामकाज मराठीत चालतं, पण अपील हायकोर्टात गेलं की तिथली भाषा इंग्रजी. त्यामुळे पेपरबुकातला, म्हणजे अपिलासाठी बांधलेल्या कागदांच्या संचातला, प्रत्येक मराठी कागद इंग्रजीत न्यावा लागतो. साताऱ्यापासून सिंधुदुर्गापर्यंतच्या सहा जिल्ह्यांसाठी १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं, तेव्हापासून माझ्या टेबलावरचे गठ्ठे जाड झालेत. या प्रकरणातली माणसं, गाव, कारखाना ओळखू येईल असं काही मी खाली लिहिलेलं नाही. ज्या शब्दावर सगळं अडलं तो मात्र जसाच्या तसा ठेवला आहे.

हकिकत अशी. बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला आलेले एक गाडीवान, वय पंचेचाळिशीच्या आसपास. टायरगाडी कारखान्याची, बैल त्यांचे स्वतःचे, मुकादमाकडून घेतलेल्या उचलीतून विकत घेतलेले. जानेवारीतली पहाट, अजून अंधार. गाडीत मोळ्या रचलेल्या आणि गाडी कारखान्याच्या वाटेवर. एका वळणावर समोरून ट्रक आला. हॉर्न वाजला. गाडी डाव्या अंगाला ओढली गेली, डावं चाक साइडपट्टीवरून खाली उतरलं आणि गाडी कलंडली. गाडीवानाचा डावा पाय मोळ्यांखाली सापडला. ट्रक गाडीला शिवलासुद्धा नाही. पण तो थांबला, नंबर मिळाला, आणि पुढे दावा उभा राहिला.

शिवलाच नाही तर दावा कसला, असं वाटू शकतं. मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये नुकसानभरपाईचा दावा वाहनाच्या 'वापरातून उद्भवलेल्या' अपघाताबद्दल करता येतो. धडक झालीच पाहिजे अशी अट नाही. ट्रकमुळे गाडी उलटली हे दाखवता आलं की पुरे. म्हणजे ट्रक आणि उलटलेली गाडी यांच्यामध्ये जी एकच कडी होती ती म्हणजे बैल, आणि बैलानं त्या क्षणी काय केलं हे सांगणारं एकच क्रियापद जबाबात होतं.

टाइप केलेल्या प्रतीत ते असं आलं होतं: "ट्रकने जोरात हॉर्न दिला होता. माझा उजव्या बाजूचा बैल बुजरा होता. गाडी डाव्या बाजूस ओढून कलंडली होती."

विमा कंपनीच्या वकिलांनी मधल्या वाक्यावर बोट ठेवलं. अर्जदार स्वतःच म्हणतो की बैल बुजरा होता. बुजरा बैल अंधारात रहदारीच्या रस्त्यावर आणला, मग दोष एकट्या ट्रकवाल्याचा कसा? त्यात बैल खिलार. खिलार जात मुळातच तापट, हे या भागात कोणाला सांगावं लागत नाही. खालच्या कोर्टाला ते पटलं, गाडीवानाच्या माथी काही दोष आला आणि तेवढी भरपाई कापली गेली. अपील त्या कपातीविरुद्ध होतं.

मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मी जबाब घेतला आणि भाषांतर करत सुटले. त्या वाक्यापाशी पहिल्या झटक्यात लिहिलं, 'द बुलॉक वॉज शाय.' मोठ्यानं वाचलं आणि माझं मलाच हसू आलं. पाहुणे आले की आईच्या पदराआड तोंड लपवणारा बैल डोळ्यांपुढे उभा राहिला. लाजराबुजरा. मग गंमत म्हणून एका मशीन भाषांतराला 'बैल बुजला होता' एवढंच विचारलं. त्यानं बैल चक्क पुरून टाकला, वर माती लोटून.

मशीनला हसायचं कारण नाही. बुजणं हे क्रियापद दोन घरांत राहतं. खड्डा बुजतो, विहीर बुजते, बऱ्याच दिवसांत डूल घातलं नाही की कानाचं भोक बुजतं. आणि बैल बुजतो, घोडा बुजतो, पाखरं बुजतात, नव्या माणसाला मूल बुजतं. शेतातलं बुजगावणं या दुसऱ्या घरातलं. आपल्याला गोंधळ होत नाही, कारण कर्ता सजीव की निर्जीव हे बघून आपण नकळत घर बदलतो. पण एक गोष्ट मात्र या दोन घरांच्या शेजारामुळे घडली आहे. 'बुजवणं' हे प्रयोजक रूप पहिल्या घरानं बळकावलं. 'त्यानं बैल बुजवला' असं आमच्याकडे कोणी म्हणत नाही, कारण बुजवला म्हटलं की हातात फावडं येतं. दचकवणं आहे, बिचकवणं आहे, भेदरवणंही चालतं. 'बुजवणं' मात्र खड्ड्याकडे गेलं. म्हणून गाडीवानाला ट्रकवाल्यानं काय केलं ते सांगायचं असलं, तरी बोलताना तो बैलाबद्दलच बोलणार. बैल बुजला. कोणी केलं, ते ऐकणाऱ्यानं समजून घ्यायचं. ('बूज राखणं' म्हणजे मान राखणं, त्या बूजशी याचं नातं जोडायचा मोह होतो. मी जोडणार नाही.)

या ठिकाणी मी कोश काढून बसले. घरात मोल्सवर्थचा १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीवरून छापलेला खंड आहे, आणि १९३२ पासून सात खंडांत निघालेला दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश आहे. कोश अर्थ देतात. पण बुजलेला बैल कुठल्या बाजूला जातो ते सांगत नाहीत, आणि मला नेमकं तेच हवं होतं.

मराठीत भिऊन अंग चोरण्याचे शब्द पुष्कळ आहेत आणि ते एकमेकांच्या जागी सहसा बसत नाहीत. दचकणं हे सगळ्यात झटपट. मागून कोणी टाळी वाजवली की पापणी मिटते, मान खांद्यांत जाते, हातातला कप हिंदकळतो. पापणीचे स्नायू सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आत हलतात. काय वाजलं हे कळायच्या आधी अंगानं काम उरकलेलं असतं. माणूस झोपेतही दचकतो. दचकण्याला दिशा नसते. माणूस जागच्या जागी गोळा होतो आणि पुन्हा सुटतो.

चरकणं त्याच्या उलट, सगळं आतल्या आत. शाळेतून फोन आला की आई चरकते, पण समोरच्याला ते दिसेलच असं नाही. कचरणं भीतीपेक्षा कामाकडे बघतं आणि नकाराबरोबर जास्त रमतं: कशालाही न कचरता. बिचकणं हे पाऊल उचलायच्या आधीचं. साहेबांसमोर बोलायला बिचकतो, पहिल्यांदा गाडी चालवताना बिचकतो. घोडं बिचकलं असंही म्हणतात, पण बिचकण्यात एक आगाऊ हिशेब असतो, बुजण्यात तो नसतो. हबकणं, गांगरणं, बावरणं यांत माणूस जागेवरच राहतो, हलतं ते डोकं. भेदरणं ही अवस्था आहे, ती तासभरही टिकते. टरकणं मी जबाबात अजून पाहिलेलं नाही. हवालदार तेवढं संपादन करतात.

बुजायला समोर काहीतरी लागतं. दिसलेलं किंवा ऐकलेलं, पण कुठल्या तरी बाजूला असलेलं. आणि अंग त्या गोष्टीपासून लांब जातं. हे विभक्तीतही उतरलं आहे. आपण आवाजानं दचकतो. बैल आवाजाला बुजतो. 'आवाजानं बुजला' असंही कानावर येतं, त्याला चूक म्हणता येणार नाही. पण 'आवाजाला दचकला' कानाला खटकतं. 'नं' हे नुसतं कारण सांगतं. 'ला' म्हणजे ती वस्तू समोर उभी आहे आणि अंगानं तिची दखल घेतली आहे. पाहुण्याला बुजतो, छत्रीला बुजतो, रंगीत साडीला बुजतो. आठ-नऊ महिन्यांचं मूल अनोळखी माणसाच्या कडेवर जाताना मान वळवून आईच्या खांद्यात तोंड खुपसतं, तेव्हा आजी म्हणते, "आता बुजायला लागलं." त्याआधी ते मूल दचकत होतं, पण बुजत नव्हतं. बुजायला ओळखीचं आणि अनोळखी यांतला फरक कळावा लागतो.

बैलाच्या बाबतीत बुजण्याच्या पुढच्या पायऱ्यांनाही नावं आहेत. बुजलेला बैल अंग काढतो, एखाद-दुसरं पाऊल तिरकं टाकतो, आणि धन्यानं कासरा आवळून 'हो हो' केलं की बहुतेकदा सावरतो. न सावरला तर बिथरतो, म्हणजे मग तो ऐकत नाही. आणि उधळला म्हणजे सुटलाच. समोर दिसेल त्या वाटेनं पळतो. गाडीवानानं 'बैल उधळला' म्हटलं असतं तर गाडी सरळ पुढे, वळण सोडून शेतात गेली असती. गाडी डावीकडे ओढली गेली होती. समोरून येणारा ट्रक आपल्या उजव्या अंगानं जातो, त्याच्या बाजूला जोडीतला उजवा बैल. तो ट्रकपासून लांब, म्हणजे डावीकडे सरकला आणि त्यानं जोडीदाराला नि गाडीला बरोबर ढकलत नेलं. जागेचा सगळा नकाशा त्या एका क्रियापदाशी जुळत होता. टाइप केलेल्या प्रतीत मात्र क्रियापदच नव्हतं, विशेषण होतं.

बुजला आणि बुजरा. एक घटना, दुसरा स्वभाव. लाजरा, हसरा, नाचरा, दुखरा यांच्या पंक्तीतला बुजरा. प्रत्यय लागला की एकदा घडलेलं कायमचं होऊन बसतं. काल हसला तो हसरा नव्हे. गुडघा आज दुखला म्हणून लगेच दुखरा होत नाही. जनावरांच्या बाजारात तर बुजरा ही खोड मानतात. मारका, बसका यांच्याच रांगेतली, बैलाचा भाव पाडणारी.

मी वकीलसाहेबांना फोन केला आणि मूळ हस्तलिखिताची नक्कल मागितली. "टाइप कॉपी आहे की," ते म्हणाले. म्हटलं, तीच नकोय. चार दिवसांनी झेरॉक्स आली. जबाब दवाखान्यात, खाटेजवळ बसून घेतलेला असावा. ओळी उतरत गेलेल्या, शेवटी नेहमीचं 'माझा जबाब वाचून दाखवला, तो माझे सांगणेप्रमाणे बरोबर आहे.' पोलिसांपुढच्या अशा जबाबावर सांगणाऱ्याची सही घेत नाहीत. म्हणजे कागदावरचा शब्द सांगणाऱ्याच्या तोंडचा असतो आणि हात लिहिणाऱ्याचा.

वादातलं अक्षर खरोखरच वादातलं होतं. मराठीत आपण पाकळीचा ल लिहितो. २००९ च्या शासन निर्णयानं देवनागरीचं प्रमाणीकरण झालं त्यातही मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श ठरला. त्या ल ला उजवीकडे स्वतःचा दंड नसतो. त्यामुळे 'ला' लिहिताना एकच उभी रेघ येते, ती कान्याची. 'रा' मध्येही एकच. हिंदीत चालतो तसा दंडाचा ल असता तर दोन रेघा दिसल्या असत्या आणि टंकलेखकाची ही गफलत झालीच नसती. घाईत पाकळीचा ल दबला, पहिली पाकळी मिटली, की उरतं ते र सारखं दिसतं.

मग मी त्या दीड पानातला प्रत्येक ल आणि प्रत्येक र भिंगाखाली पाहिला. घरचे म्हणाले, डोळे जातील. लिहिणाऱ्याच्या हाताची एक सवय हळूहळू दिसू लागली. त्याचा र खाली आला की पाय उजवीकडे फेकतो, अगदी 'ट्रकने जोरात' मधल्या र चाही. ल चा पाय कुठेच नाही. तो वरच्या वर गोळा होतो. बुज-च्या पुढच्या अक्षराला पाय नव्हता. डाव्या पाकळीच्या जागी शाईचा एक थेंब होता, बस.

आणखी दोन गोष्टी कागदातच होत्या. आधी मी 'होता' या शब्दामुळेच 'बुजरा होता' हे निमूट स्वीकारलं होतं. 'बुजला होता' यात होता कशाला, असं वाटलं. पण सगळा जबाब वाचला तर पोलिसी मराठीची जुनी सवय समोर आली: निघालो होतो, आला होता, दिला होता, कलंडली होती. प्रत्येक क्रियापदाला 'होता'ची शेपटी. म्हणजे हे 'होता' बैलाचा स्वभाव सांगत नाही, ते नुसतं लिहिणाऱ्याच्या लेखणीचं वळण आहे. आणि दुसरं, जबाबाच्या वेळी बैल जिवंत होता. जिवंत बैलाचा स्वभाव सांगायचा तर माणूस 'बैल बुजरा आहे' म्हणेल. गेलेल्या किंवा विकलेल्या बैलाबद्दलच आपण 'बुजरा होता' म्हणतो.

आठव्या दिवशी गाडीवान स्वतः वकीलसाहेबांच्या ऑफिसात आले होते आणि मीही तिथेच होते. खरं तर भाषांतर करणाऱ्यानं साक्षीदाराला काही विचारू नये. माझं काम कागदाचं आहे, त्यांच्या आठवणीचं नाही, आणि ते आज जे सांगतील त्यातला एक शब्दही भाषांतरात घालता येत नाही. पण चहा आला आणि मी विचारलंच.

"काका, बैल घाबरला होता का?"

"घाबरंल कशाला?" ते म्हणाले. "हार्न रोजचेच हाईत. वळणावर लाइट अन् हार्न संगंच आलं. बुजाडला."

बुजाडला. बोलीतला शब्द. म्हणताना त्यांनी उजवा तळवा उभा धरला आणि तिरका डावीकडे नेला. हवालदारानं त्याचं 'बुजला' केलं असणार, जसं ते 'हाईत'चं 'आहेत' करतात.

"मी कासरा धरला व्हता. सावरला असता. पर चाक गेलं खाली."

टाइप कॉपीत तो बुजरा आहे असं आलंय, हे वकीलसाहेबांनी त्यांना समजावून सांगितलं. त्यांना ते लवकर कळेना. कळलं तेव्हा ते रागावले नाहीत, नवल केल्यासारखे माझ्याकडे बघत राहिले. "बुजऱ्या बैलाला गाडीला कोण जुंपील, ताई? मोळ्यांवर माझी लेकरं बसतेत."

ऊसतोडीच्या गाड्या ज्यांनी रस्त्यावर पाहिल्या आहेत त्यांच्या डोळ्यांसमोर हे लगेच येईल: मोळ्यांच्या ढिगावर गोधडीत गुंडाळलेली पोरं, वर बांधलेलं वाढ्याचं ओझं, खाली लोंबणारा कंदील किंवा लाल फडकं. बैल चार दाती असताना घेतलेला, तोवर जुळलेला, म्हणजे सगळे दात आलेला, इतके हंगाम त्याच रस्त्यानं गेलेला. घोड्यासारखी गाडीच्या बैलाला झापडं लावत नाहीत. टांग्याच्या घोड्याला ती लावतात ती बाजूचं काही दिसून बुजू नये म्हणूनच. बैलाला रुळवावं लागतं. खोंड असल्यापासून रस्त्याकडेला बांधायचा, पोळ्याला वाजंत्रीसमोरून न्यायचा, मोटारी दाखवायच्या. तरीही बैलाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. त्याला पाठीमागचा एक पट्टा सोडला तर जवळपास चौफेर दिसतं, पण त्यातल्या बऱ्याच भागाची खोली त्याला नीट जोखता येत नाही. वळणावर एकदम पेटलेला उजेड किती लांब आहे हे त्याला कळायला वेळ लागतो. कानही आपल्यापेक्षा तिखट. आपल्याला साधारण वीस हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, गाईबैलांना त्याच्या बऱ्याच वरचाही. जनावरांच्या वागण्याचा जन्मभर अभ्यास केलेल्या टेम्पल ग्रँडिन यांनी दाखवून दिलं आहे की गुरं अडतात ती आपल्याला क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टींपाशी: लोंबती साखळी, जमिनीवर पडलेली सावली, कुंपणावर टाकलेला कोट. त्याला बुजरेपणा म्हणायचं तर जगातला प्रत्येक बैल बुजरा.

विमा कंपनीच्या वकिलांनी एक आणखी पेच टाकला होता, तो मला नंतर कळला. जबाबात 'मी हात दाखवला होता' असं एक वाक्य आहे. त्यांचं म्हणणं असं की, बैल बुजरा आहे हे ठाऊक होतं म्हणूनच हात दाखवला. या वाक्याचं भाषांतर सोपं होतं, पण ते करताना मी कायद्याचं पुस्तक उघडलं, आणि मोटार वाहन कायद्याचं कलम १३२ समोर आलं. जनावर ताब्यात असलेल्या माणसाला जर भीती वाटली की वाहनामुळे जनावर भिऊन आवरेनासं होईल, आणि त्यानं थांबायला सांगितलं, तर वाहनचालकानं गाडी थांबवली पाहिजे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत नियम ११९ आहे. कर्कश, कानठळ्या बसवणारा किंवा भिववणारा आवाज काढणारं कुठलंही साधन वाहनाला लावायचं नाही. म्हणजे रस्त्यावरचं जनावर बुजणार हे कायद्यानं गृहीत धरलं आहे आणि थांबायचं ओझं चाकावरच्या माणसावर टाकलं आहे. हात दाखवणं हा बैलाच्या स्वभावाचा कबुलीजबाब नव्हे. पण हा युक्तिवाद वकिलांचा. मी ती पानं दुमडून त्यांच्या टेबलावर ठेवली, एवढंच.

इंग्रजी शब्दावर दोन दिवस गेले. 'गॉट फ्रायटन्ड' केलं तर बैल भ्याला एवढंच कळतं. कुठे गेला, कशापासून गेला, ते गळतं. 'बोल्टेड' म्हणजे उधळला, ते सरळ खोटं. 'स्टार्टल्ड' म्हणजे दचकला, आणि दचकलेला बैल जू ओढत नाही. शेवटी गाडी पुन्हा 'शाय'पाशीच आली, ज्याला मी पहिल्या दिवशी हसले होते. इंग्रजीत शाय हे विशेषण आहे तसं क्रियापदही आहे, आणि घोडा काही बघून तिरका झाला की 'शाइड' म्हणतात. तिथेही तोच पेच, आपल्यासारखाच: एकाच शब्दाचं एक तोंड स्वभावाकडे, दुसरं घटनेकडे. विशेषण घेतलं तर बुजरा, क्रियापद घेतलं तर बुजला. पहिल्या दिवशी शब्द बरोबर होता, रूप चुकलं होतं. 'द बुलॉक ऑन द राइट साइड हॅड शाइड.' 'डावीकडे' किंवा 'हॉर्नला' हे घालायचा मोह झाला. जबाबात त्या वाक्यात ते नाही, म्हणून घातलं नाही.

खाली टीप दिली. त्यात तीन गोष्टी: हे क्रियापद जुंपलेल्या जनावराच्या, काही बघून किंवा ऐकून अचानक अंग काढण्याबद्दल वापरतात, टाइप केलेल्या प्रतीत त्या जागी विशेषण वाचलं गेलं आहे, ज्याचा अर्थ स्वभावानं भित्रा, आणि हस्तलिखितात माझ्या वाचनाप्रमाणे क्रियापद आहे, अक्षर मात्र अस्पष्ट आहे.

वकीलसाहेबांना तिसरं वाक्य नको होतं. "अस्पष्ट कशाला लिहिता? ते लगेच तेवढंच धरतील."

"अक्षर अस्पष्टच आहे."

"पण तुम्हाला तर खात्री आहे."

होती. आजही आहे. पण भिंगाखाली बसून मिळालेली खात्री आणि कागदावर दिसणारं अक्षर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि माझी सही दुसरीखाली असते. टीप तशीच राहिली. ते दोन दिवस माझ्याशी तुटक बोलले, मग पुढचा गठ्ठा पाठवला. त्यावर पेन्सिलीनं काही लिहिलेलं नव्हतं.

अपिलाची तारीख अजून लागायची आहे. गाडीवानाचा पाय वाकतो, पण पूर्ण नाही; आता तोडीला बायको आणि मुलगा जातात. बैलांचं काय झालं, हे मी त्या दिवशी ऑफिसातून निघता निघता विचारलं. जोडी त्याच वर्षी बाजारात विकली, म्हणाले. घेणाऱ्यानं दात पाहिले, खूर पाहिले, पाठीवर थाप मारली आणि मग विचारलं, "बुजत तर नाय ना?" यांनी काही उत्तर दिलं नाही. घेणाऱ्यानं काखेतली छत्री बैलाच्या नाकासमोर फटकन उघडली. उजव्या बैलानं एक कान वळवला. पाय हलला नाही.

सौदा रुमालाखाली बोटांवर ठरला. पावती झाली, तीवर रंग लिहिला, शिंगं लिहिली, दात लिहिले. बुजतो की नाही, याला पावतीत रकाना नसतो.